ओल्या टोकाच्या कांड्या

मी नर्स आहे. माझ्या हातावर माणसं गेली आहेत आणि त्यानंतर मी शांतपणे डबाही खाल्ला आहे. त्यामुळे या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी गंमत म्हणूनच वाचायची. रात्रपाळीत झोप घालवायला बरे पडतात म्हणून. आज स्वतःच लिहायला बसलेय... ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

आमचं घर सानगडीला. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा आमचं गाव भंडाऱ्यातच राहिलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाबा विणकर. समोरच्या खोलीत खड्ड्यातला माग, आणि बाजूला आईचा चरखा. आई चरख्यावर सूत गुंडाळून कांड्या, म्हणजे बोटाएवढ्या नळ्या, भरायची; बाबा त्या मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालून विणायचे. रिकामी झालेली कांडी बाबा टोपलीत टाकत, ती भरून परत यायची. दोघांचं दिवसभराचं बोलणं म्हणजे तेवढंच. आईची एक सवय होती. कांडी भरली की सुताचं शेवटचं टोक जिभेनं ओलं करून चिकटवायची.

दिवाळीनंतर आई गेली. मागावर लुगडं अर्धंच होतं. बाबांनी त्यावर चादर टाकली आणि पुन्हा त्या खोलीत गेले नाहीत.

मला जर्मनीत नोकरी मिळाली होती, व्हिसा यायचा होता. नागपूरची नोकरी सोडून उन्हाळाभर घरी आले. सकाळी गच्चीवर मोबाईलवर जर्मनचा क्लास, दुपारी बॅग भरायची, पुन्हा रिकामी करायची. बाबा पडवीत बसून रस्त्याकडे बघत. दोघं एका घरात, पण जेवायला ये, यापलीकडे शब्द नाही. यांना असं टाकून मी जायचं कसं? व्हिसा येऊच नये असंही वाटायचं.

मे महिन्यात एका सकाळी क्लास चालू असताना खालून आवाज आला. खटाक-खट... खटाक-खट. बाबा मागावर बसले होते! मला इतकं बरं वाटलं, की काही विचारलंच नाही. कांड्या स्वतःच भरल्या असतील म्हटलं. आमच्या घरात कौतुक तोंडावर करायची पद्धत नाही. रोज सकाळी माग चालायचा आणि लुगडं वाढत होतं.

व्हिसा आला त्या दिवशी दुपारी आम्ही स्वयंपाकघरात जेवत होतो. बाबांनी हातातला घास तसाच ठेवला.

"तू जाऊन राहिली तं आता कांड्या कोन भरन?"

"म्हणजे? तुम्हीच भरता ना?"

"मी कायले बसू चरख्यावर? मले वाटलं तू भरून राहिली. टोपलीत रोज तयारच रायते."

मला कांडी भरताच येत नाही. लहानपणी भरायचे तर सैल व्हायची, सूत तुटायचं. आई म्हणायची, "तू रायू दे माय, अभ्यास कर."

आम्ही उष्ट्या हातांनीच उठून मागाच्या खोलीत गेलो. बाबांनी सकाळी रिकाम्या करून टाकलेल्या कांड्या टोपलीत भरलेल्या होत्या. घट्ट, गुळगुळीत. मी एक उचलली. सुताचं टोक ओलं होतं. आमच्याकडच्या मे महिन्यात धुतलेली चादर दोरीवर टाकेपर्यंत वाळते!

शेजारच्या काकूंवर शंका घ्यावी, तर त्या लाखांदूरला लेकीकडे. पुढचं दार आतून लावलेलं. चरख्याजवळची सुताची लड मात्र बारीक झालेली.

दुसऱ्या दिवशी अख्खी दुपार मी चरख्यासमोर बसून राहिले. भीती नव्हती. मला ती हवी होती. "आई, मी मंजू," असंही म्हणून पाहिलं. चरखा हलला नाही. त्यानंतरच्या दिवशी झेरॉक्सला साकोलीला जाऊन आले, तर टोपली भरलेली. मी तिथेच बसून रडले. मी काय परकी होते का?

बाबा दारात उभे होते. किती दिवसांनी हसले. "तुयासमोर लाजत असन ते. मायासमोर तरी कुठं येते? मी आंघोळीले गेलो का भरून ठेवते." मग म्हणाले, "तू जाय बिनफिकीर. मी काही एकटा नाही आता."

मी निघाले. वरठी स्टेशनवरून रेल्वे पकडायची होती, बाबा एसटी स्टँडवर आले. बस सुटायच्या आधीच घराकडे वळले. घाई असल्यासारखे.

आता जर्मनीत येऊन वर्ष होत आलं. फोन केला की मागे चरख्याचा आवाज ऐकू येत नाही, पण बाबांचा आवाज भरलेला असतो. लुगडं पूर्ण झालं, दुसऱ्यासाठी मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, लागला. मी विचारते, "कांड्या?" ते म्हणतात, "हावो, चालू हाये."

काय असेल ते मला माहीत नाही. एकट्या पडलेल्या माणसाला आपल्याच हातांनी केलेलं काम आठवत नाही, असं इथली एक डॉक्टर मैत्रीण म्हणाली. असेलही. पण त्या दुपारी बाबा माझ्यासमोर जेवत होते, आणि टोक ओलं होतं.

येताना मी टोपलीतून एक रिकामी कांडी उचलून आणली. बाबांना सांगितलं नाही. टेबलावर ठेवली आहे, शेजारी सुताची छोटी लडही. ड्युटीवरून आले की बूट काढायच्या आधी तिच्याकडे बघते.

अजून रिकामीच आहे.