दहानंतरचा सिनेमा

माझ्या मामाच्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर माझा मामा शोधावा लागतो.

मध्ये भाऊ. हात जोडून, फुल साइज. बाजूला भाऊंचा पुतण्या, गॉगल घालून.

श्रद्धांजलीला. गॉगल.

आणि खाली कोपऱ्यात, आधार कार्डावर असतो तेवढा, मामा.

आज मामाचं तेरावं.

भाऊ म्हणजे आमच्या घाटकोपरचे लोकल नेते. मामा म्हणजे "भाऊंचा माणूस". त्याला ते कौतुक वाटायचं. भाऊंच्या गाडीचं दार उघडायचं, सभेला खुर्च्या लावायच्या, मग त्या खुर्च्यांवर माणसं पण आणून बसवायची. कशासाठी? तर एक दिवस नगरसेवकाचं तिकीट मिळणार.

वॉर्ड लेडीज झाला. तिकीट वहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला.

वॉर्ड ओपन झाला. तिकीट पुतण्याला.

मामाला? "पुढच्या वेळी नक्की रे."

आणि ही ॲम्बिशन आली कुठून? एका सिनेमातून. सीरियसली.

जुना मराठी सिनेमा. भाजी मार्केटमधला हमाल एका नेत्याच्या मागे मागे फिरतो आणि शेवटी स्वतःच मंत्री होतो. मामा दर गणपतीत गल्लीत पडदा बांधून तोच लावायचा. आधी आरती, मग भाऊंचं भाषण, मग परत भाऊंचं भाषण, मग सिनेमा. आणि दहाला स्पीकर बंद. त्यामुळे आमच्याकडे तो सिनेमा दरवर्षी शपथविधीलाच संपायचा. हार, शिट्ट्या, पडदा गुंडाळा, चला घरी.

आमच्या अख्ख्या गल्लीला वाटतं, सिनेमा तिथेच संपतो. हॅपी एंडिंग.

मला पण वाटायचं. मीडियाला ॲडमिशन घेतल्यावर लॅपटॉपवर पूर्ण बघितला, तर पुढे अजून चांगला पाऊण तास होता. धावत मामाकडे गेले.

"मामा, अरे पुढे आहे अजून. मेन सिनेमा तर तिथून सुरू होतो."

"माहितीये गं. थिएटरात बघितलाय मी. नुसती रडारड आहे. तुम्हा इंग्लिश मीडियमवाल्यांना रडकेच सिनेमे आवडतात."

म्हणजे त्याला माहीत होतं. तेव्हा राग आला होता. आता जास्त येतो.

कारण मी मामाला खुश बघितलंय यार. पडद्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडी घालून, हिरोच्या आधी डायलॉग म्हणताना. तेवढे खुश भाऊ मला कधीच दिसले नाहीत. त्यांचं लक्ष कायम दाराकडे. कोण आलं, कोण नाही आलं, कोण विरोधी पार्टीच्या लग्नात जेवून आलं. ह्याला पॉवर म्हणतात म्हणे.

परवा शोकसभा झाली. मामा हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा भाऊ बिझी होते. शोकसभेत माइक होता, म्हणून आले. मामाबद्दल दोन वाक्यं. मग स्वतः आणलेल्या पाण्याच्या लाइनवर भाषण. मग ओमकारच्या, म्हणजे माझ्या मामेभावाच्या, खांद्यावर हात.

"वडिलांची जागा रिकामी राहणार नाही. तेरावं झालं की ओमकार माझ्यासोबत."

मागच्या पोरांनी टाळ्या सुरू केल्या. मग त्यांना आठवलं, शोकसभा आहे.

ओमकार लिफ्टच्या कंपनीत टेक्निशियन आहे. आत्ताच परमनंट झालाय. आणि तो लाजून हसत होता. सेम मामाचं हसू, शपथविधीचा सीन बघतानाचं.



घरी आल्यावर मामी मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझ्या मामान जल्मभर त्या भाऊच्या गाडीचो दरवाजो उघडल्यान. ह्येका तरी कायतरी सांग गो."

मला सांगता येत नाही. दाखवता येतं. काल दुपारी ओमकारला बसवलं आणि शपथविधीच्या पुढून सिनेमा लावला.

"संपला ना हा?"

"गप बस. बघ."

मंत्र्याचा बंगला. एवढं मोठं टेबल आणि जेवायला हा एकटा, कारण ज्यांच्यासोबत जेवावं ती सगळी माणसं बाहेर अपॉइंटमेंटसाठी बसलीयत. बायकोवर भरवसा नाही, मित्रावर नाही. मग एक दिवस खुर्ची दुसरा कोणीतरी नेतो, आणि ह्याला बघायला कुत्रं पण येत नाही.

मला वाटलं, ओमकार हिरोसाठी हळहळेल. तो हिरोकडे बघतच नव्हता.

"तो मागे कोण आहे गं?"

"कोण?"

"छत्री धरलीय तो. प्रत्येक सीनमध्ये आहे. ह्याचं काय होतं?"

"काय नाय होत. शेवटी नव्या मंत्र्याच्या मागे छत्री धरून उभा असतो."

"नाव काय त्याचं?"

शेवटची नावांची पाटी लावली. दोनदा बघितली. त्याचं नावच नव्हतं.

ओमकारने लॅपटॉप मिटला.

आज तेराव्याची पंगत. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं. ओमकार वाढत होता. पुतण्या आला, दारातूनच, चपला न काढता.

"चल रे ओमक्या. भाऊ खाली गाडीत थांबलेत."

"उद्या फर्स्ट शिफ्ट आहे माझी."

"अरे, भाऊ थांबलेत."

"जेवलेत का ते?"

"काय?"

"जेवले नसतील तर वर या म्हणावं. पान वाढतो."

पुतण्या खाली गेला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

वर कोण येतंय. पंगतीत खाली बसावं लागलं असतं.

मामी ओमकारला म्हणाली, "बस आता तू. मी वाढतंय."

मामा, तुझ्या जागेवर कोणी जात नाहीये.

आराम कर.