बाच्या पोटावरची छडी

"खाली. पायरीच्या खाली निजव त्याला. आत्ताच अंघोळ झालीय माझी."

असं डॉक्टर बोलले. कल्याणात त्यांचा दवाखाना, मी तिथला झाडूवाला. माझा बा अंगणात घोंगडीवर तळमळत होता. पोट फुगून टम्म. डॉक्टरांनी ओट्यावरूनच वाकून पोटावर छडीनं दोनदा ठोकलं.

"वारा धरलाय," ते शिष्याला म्हणाले. "जुलाब दे."

आम्ही मांग, हलगी वाजवणारे. शेकल्यावर चामड्याचा आवाज कुठं चढला, कुठं उतरला, बोटांना कळतं. त्यात दोन वर्षं बाहेर झाडताना डॉक्टर शिष्याला शिकवायचे ते ऐकलेलं. पोटावर एक बोट ठेवायचं, दुसऱ्यानं ठोकायचं. वारा असला की टणटण. उजव्या बरगडीखाली मात्र भद्द वाजायला हवं. तिथंही टणटणलं, तर आतडं फुटून वारा बाहेर आलाय. मग जुलाब म्हणजे विष.

मी म्हटलं, "साहेब, काल उजव्या बरगडीखाली भद्द होतं. आज टणटणतंय. एकदा हात लावून बघा ना."

शिष्य फिसकन हसला. डॉक्टर नाही हसले. ते बाच्या पोटाकडं बघत राहिले. त्यांना कळलं होतं. बाची शपथ, कळलं होतं! हात थोडा पुढं आला, थांबला, आणि धोतर सावरायला लागला.

"हलगीवाल्यांना रोग कळायला लागले, तर आम्ही झाडू मारायचा का रे? पाज गुमान."

शिष्यानं औषध वरून ओतलं. मी खाली वाटी धरली.

बा म्हणाला, "सायबानं दिलंय नव्हं? मग दे."

मी पाजलं. कळत होतं, तरी पाजलं. थू माझ्या जिनगानीवर!

दिवस कलायच्या आत बा गेला. ओरडून ओरडून गेला. हात लावला असता तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. पण ते विष तरी पोटात गेलं नसतं.

महिन्याभरानं डॉक्टरांनी बोलावलं. लेकाची वरात होती, हलगी हवी होती. मी पायरी चढलो. पहिल्यांदाच.

"नाही वाजवणार."

"माजलास काय रे?"

"हो."

हातातला झाडू त्यांच्या जोड्यांशेजारी ठेवला आणि निघालो.

आता खडवलीपासनं आमची माणसं येतात. मी पोटाला हात लावतो. ठोकून बघतो. उजव्या बरगडीखाली टणटणलं तर तोंडावर सांगतो, आतडं फुटलंय. कुठल्याही साहेबानं जुलाब दिलेला असो, उकिरड्यावर ओततो.

बाला मी पाजलं. आता दुसऱ्या कुणाला पाजू देणार नाही.