शिशाच्या दारामागे

डॉक्टर माझा रिपोर्ट वाचत होते आणि माझा फोन वाजत होता. फोन आमच्या भोजनालयातून होता. मी उचलला. रस्सा पातळ झाला म्हणे. मी सांगितलं, खोबऱ्याचं वाटण अजून दोन पळ्या टाका अन् आच कमी करा. फोन ठेवला तेव्हा डॉक्टर हातातला कागद तसाच धरून माझ्याकडे बघत होते.

"ताई, आता तो बंद करा," ते म्हणाले. "गळ्यातली गाठ कॅन्सरची आहे."

मी फोन बंद केला नाही, नुसता पर्समध्ये टाकला. तो तिथे पुन्हा वाजला.

त्या आजाराचं नाव पॅपिलरी कार्सिनोमा. गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉइड नावाची ग्रंथी असते, तिचा हा कॅन्सर. हळू वाढतो, बहुतेक लोक बरे होतात, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. गाठ दुखत नव्हती म्हणून मी कित्येक महिने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आमच्या घरात जे दुखत नाही ते आजारात धरतच नाहीत.

आमचं घर मूळचं विणकरांचं. सासऱ्यांच्या वेळी माग बंद पडले आणि नागपुरात लकडगंजाजवळ झणझणीत रश्श्याचं सावजी भोजनालय सुरू झालं. गल्ला आणि बाजार आमच्या ह्यांच्याकडे, मसाला भाजणं-वाटणं सासूबाईंच्या नजरेखाली, आणि रस्सा माझ्याकडे. खाली भोजनालय, वर घर, मधे एक जिना. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या जिन्यावर माझ्या नावाची हाक ऐकू आली नाही असा तास गेला नसेल. अन् खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमानही होता.

ऑपरेशन झालं. थायरॉइड पूर्ण काढली. मी शुद्धीवर आले आणि आवाज शाबूत आहे की नाही हे बघायला जे पहिलं वाक्य बोलले, ते 'दूध नासलं तर नाही?' असं होतं. सिस्टर हसल्या.

पण छातीच्या सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसावर बारीक ठिपके दिसले. सर्जन म्हणाले, "जुन्या इन्फेक्शनचे डाग असू शकतात. हाच आजार तिथे पोचला असंही असू शकतं. आज खात्रीनं सांगता येत नाही." बस, तिथून माझा जीव टांगणीला लागला. पुढे जे काही केलं ते त्या ठिपक्यांसाठी.

आता ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी नीट सांगते. पुढचा उपचार रेडिओआयोडिनचा. थायरॉइडच्या पेशी आयोडिन ओढून घेतात, त्या शरीरात कुठेही लपल्या असल्या तरी. म्हणून किरणोत्सर्गी आयोडिनची गोळी देतात. ती त्या पेशींना शोधून मारते, आणि नंतरच्या स्कॅनमध्ये त्या कुठे होत्या तेही दिसतं. फुफ्फुसातले ठिपके त्या स्कॅनमध्ये उजळले तर आजार, नाही उजळले तर नुसते डाग.

गोळीआधी शरीर आयोडिनसाठी भुकेलेलं हवं. त्यासाठी ग्रंथी काढल्यावर रोज घ्याव्या लागणाऱ्या थायरॉइडच्या गोळ्या काही आठवडे बंद ठेवतात आणि साधं मीठ, दूध, अंडी, मासे, ज्यांत आयोडिन असतं ते सगळं वर्ज्य. फक्त सेंधा मीठ, म्हणजे सैंधव. त्या दिवसांत अंगावर सूज येते, भर उन्हाळ्यात थंडी वाजते, डोकं चालत नाही. नागपूरचा मे महिना आणि मी स्वेटर घालून! आवाज रेड्यासारखा. मी पथ्य कडक पाळलं. सासूबाईंनी माझ्यासाठी वेगळं भांडं काढलं आणि त्याला कोणी हात लावला तर त्याची खैर नव्हती.

तरी गोळीच्या आधीच्या तपासणीत लघवीतलं आयोडिन जास्त आलं. न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी खाण्याचं सगळं विचारलं. सगळं बरोबर होतं. मग त्यांनी विचारलं, दिवसभर करता काय? मी म्हटलं, खाली रस्सा बघते. बघता म्हणजे? मी तळहात पुढे करून दाखवलं, असा थेंब घ्यायचा आणि चाटायचा. प्रत्येक पातेल्याचा. सकाळी आणि संध्याकाळी.

"त्यात मीठ कोणतं?"

आमचं खारं, तिखट, साध्या मिठाचं पातेलं. मला शपथेवर सांगायला लावलं असतं तरी मी म्हटलं असतं की मी काहीच खाल्लं नाही. चाखणं हे काय खाणं असतं का? कोणतीही रांधणारी बाई हेच म्हणेल.

"चाखणं म्हणजे खाणंच," डॉक्टर म्हणाल्या. "गोळी पुढे ढकलावी लागेल. आणि तोवर तुम्ही त्या स्वयंपाकघरात जायचं नाही."

घरी येऊन मी रडले. आजारासाठी नाही, चिडून. ठिपके छातीत बसलेले, गोळ्या बंद, अंग सुजलेलं, आणि अजून थांबायचं. काय तर म्हणे चार थेंब! खालून रश्श्याचा वास यायचा आणि मला वासावरूनच कळायचं की खोबरं कच्चं राहिलं. गिऱ्हाइकं मात्र येत होती. जेवत होती. पान खाऊन जात होती. त्याचं मला जे दुःख झालं ते कॅन्सरचं झालं नव्हतं, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे.

मग आयोडिन खाली आलं आणि गोळीचा दिवस उजाडला. खोलीचं दार जड, आतून शिशाचं. शिशातून किरणं बाहेर जात नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं की गोळी घेतल्यावर काही दिवस माझ्या अंगातून किरणं निघतील, म्हणून कोणी जवळ येणार नाही. जेवण दाराशी ठेवतील. बोलायचं ते भिंतीवरच्या इंटरकॉमवर. आत आलेली वस्तू लवकर बाहेर नेता येत नाही, म्हणून फोन नको. मी फोन ह्यांच्या हातात दिला. तो घेताना हे म्हणाले, "काहीच जमून नाही राहिलं वं तुझ्याविना." चेहरा इतकासा झाला होता. दार लागलं.

गोळी साधीच होती. जाड डब्यातून निघाली आणि पाण्याबरोबर गेली. भरपूर पाणी प्यायचं, रोज आंघोळ करायची, संडासात दोनदा पाणी सोडायचं, आणि सांगितल्या वेळेपासून आंबट गोळ्या चघळायच्या, म्हणजे लाळेच्या ग्रंथींना इजा होत नाही. हे शेवटचं विसरू नका.

पहिल्या दिवशी मी सारखी उठत होते. हाक आल्यासारखं वाटायचं. दाराजवळ जाऊन उभी राहायची. बाहेर कोणी नसायचं. छातीत काही टोचतंय का ते बघत बसायची. खोल श्वास घेतला की वाटे, हे बघ, इथेच आहेत ते.

दुसऱ्या दिवशी दुपारचं ताट आलं. मी बसले आणि जेवले. मधेच काहीतरी निराळं वाटलं म्हणून थांबले. पोळी गरम होती. शेवटच्या घासापर्यंत गरम. लग्नानंतर मी गरम पोळी बसून पूर्ण खाल्ल्याचं मला आठवेना. मग मी खिडकीशी बसले. समोरच्या गच्चीवर एक बाई वाळत घातलेल्या कुरडया उलटत होती. ती गेली तरी मी तिथेच होते. कोणासाठी नाही, कशासाठी नाही. मनात एक शब्द नव्हता. ठिपकेसुद्धा नव्हते.

संध्याकाळी डॉक्टर दाराशी मीटर घेऊन आल्या. किती किरणं उरली ते त्यावर दिसतं. आकडा खाली आला की घरी सोडतात. त्या म्हणाल्या, "अजून जास्त आहे. उद्या नाही सोडता येणार."

आणि मला आनंद झाला. मग त्या आनंदाचीच भीती वाटली. घरी माणसं वाट बघत आहेत, छातीत काय आहे माहीत नाही, आणि या बाईला इथं बरं वाटतंय? मी मरायला तयार झाले की काय? माणूस शेवटी असाच शांत होतो का? मी इंटरकॉम उचलला आणि डॉक्टरांना तेच विचारलं, जसंच्या तसं.

त्या म्हणाल्या, "तुम्ही दमलेल्या आहात, ताई. आजारामुळे नाही. आधीपासून."

एवढंच. मी रिसीव्हर ठेवला आणि मनसोक्त रडले. या वेळी चिडून नाही.

घरी सोडलं तरी काही दिवस सगळ्यांपासून लांब राहायचं होतं. गच्चीलगतची जुनी खोली मला दिली. तिथे एकेकाळी सुताच्या कांड्या ठेवत. सासूबाई ताट जिन्यात ठेवायच्या आणि चार पायऱ्या खाली बसून माझं खाऊन होईपर्यंत उठायच्या नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात, पण त्यांनी ते काम कोणाला दिलं नाही.

स्कॅनच्या दिवशी मशीनखाली पडून मी छत बघत होते. नंतर बाहेरच्या खुर्च्यांवर आम्ही दोघं. हे माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसले होते, नियम म्हणून, आणि ती रिकामी खुर्ची घट्ट धरून ठेवली होती. आमच्या आधीच्या माणसाला आत बोलावलं, तो बाहेर आला तेव्हा त्याच्या बायकोनं त्याच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. माझं नाव घेतलं तसे आम्ही दोघं आत गेलो.

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. गळ्याशी थोडं उजळलेलं होतं, ते उरलेल्या पेशींचं, अपेक्षित. छाती काळी. पूर्ण काळी.

"ते जुने डाग आहेत," त्या म्हणाल्या. "फुफ्फुसं स्वच्छ आहेत. तपासण्या करत राहू. पण आता घरच्यांत मिसळा, काही हरकत नाही."

ह्यांनी तिथेच डोळे पुसले. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांचे हात धरावेसे वाटले, आणि आता धरता येत होते, म्हणून धरले.

घरी आल्यावर मी वरच्या खोलीतलं सामान आवरत होते. सासूबाई जिना चढून आल्या आणि सवयीनं उंबऱ्याबाहेरच थांबल्या. म्हणाल्या, "आता खाली येशीन ना वं?"

"येईन आई. पण दुपारची जेवणं आटोपली की मी इथं बसणार. रोज. दार लावून." बोलले आणि रागवण्याची वाट बघत उभी राहिले.

सासूबाई खोलीकडे बघत होत्या. लहान वयात सून होऊन आल्या तेव्हा नऊवारी सावरून त्या याच खोलीत मागासाठी कांड्या भरायला बसत, मग मसाला आला, मग नातवंडं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या डॉक्टरीणबाईले इचार. मले भेटन काय ती गोळी?"

मी हसायला लागले आणि हसता हसता थांबले, कारण त्या हसत नव्हत्या. मी त्यांचा हात धरून त्यांना आत घेतलं आणि दार लावलं.

थोड्या वेळानं खालून ह्यांची हाक आली, रश्श्यात मीठ किती टाकू म्हणून. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी उठले नाही. त्याही उठल्या नाहीत.

त्या संध्याकाळी रस्सा खारट झाला होता. गिऱ्हाइकांनी तो खाल्ला.