न तळलेला फराळ

आमच्या घरात दिवाळी दोनदा होई. एक सगळ्यांबरोबर, आणि एक तिच्या महिनाभर आधी, दसऱ्याच्याही अगोदर. ही दुसरी मिसबाईंसाठी असे.

मिसबाई धुळ्याकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. परदेशी बाई, पण वीस वर्षं खानदेशात काढलेली. बायकांशी अहिराणीतच बोलत. माझ्या वेळी आई दोन दिवस अडली होती. नरडाण्याजवळच्या आमच्या खेड्यातून तिला बैलगाडीत घालून त्यांच्याकडे नेलं. आम्ही दोघी जगलो त्या बाईंच्या हातांनी. पुढे वडील जळगावला एका डाळमिलमध्ये कारकून झाले. मी चौथी पास झाले आणि मुलीला आता शाळा पुरे, असं घरात ठरू लागलं. ते कळल्यावर बाई मुद्दाम जळगावला आल्या. ओसरीवर बसून वडिलांना म्हणाल्या, "भाऊ, हिला जगात मी आणलं. हिचं शिक्षण थांबवताना मला विचारायचं तरी होतं." वडिलांना हसू आलं. मी पाचवीत गेले.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी मिशननं त्यांना आफ्रिकेत पाठवलं. तिथून त्यांचं पहिलं पत्र आलं ते मराठीत. नाताळला बाकी सगळ्यांना घरून पार्सलं आली, मला एक नवी मच्छरदाणी मिळाली, तीही दवाखान्याकडून, असं त्यांनी गमतीनं लिहिलं होतं. त्यांचे आईवडील वारले होते आणि भावंडं नव्हती. मी पत्र वाचून हसले. आई हसली नाही.

"तिले कोन शे तठे?" ती म्हणाली.

तेव्हापासून डबा जाऊ लागला. तो नाताळपर्यंत पोचायचा तर दसऱ्याच्या आत मुंबईच्या वाटेला लागला पाहिजे, हे मी पोस्टात विचारून आले होते. चकल्या, शेव, शंकरपाळे पत्र्याच्या डब्यात भरायचे, झाकणाची फट बुजवून घ्यायची, वरून मांजरपाट शिवायचं, लाखेचा शिक्का करायचा. पत्ता मी लिहायची. आणि तळणीचा पहिला घाणा ठरलेला, बाईंचा.

आमच्याकडे आत्या राहत असे, वडिलांची मोठी विधवा बहीण. सोवळंओवळं तिच्या हाती. दरवर्षी ती चुलीपाशी येऊन म्हणायची, "वा! आधी मडम, मंग देव!"

"देव घरमाच शे, अक्का," आई झारा न थांबवता म्हणायची. "ती दूर शे."

मी अकरावीत असताना भाद्रपदाच्या सुरुवातीला आई गेली. आठ दिवसांचा ताप. शेवटच्या दोन दिवसांत ती फार बोलली नाही. एकदा मात्र माझं मनगट धरून म्हणाली, "बाईना डबा चुकाडू नको." मी हो म्हटलं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि मी आत्याजवळ डब्याचा विषय काढला. ती जात्यापाशी बसली होती. तिनं मान हलवली.

"औंदा घरमा तळण नही."

हे मलाही माहीत होतं. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात वर्षभर सणाची कढई चढत नाही. फराळ शेजारपाजारचे, सोयरे आणून देतात. पण ते दिवाळीला आणणार. बोट काही दिवाळीपर्यंत थांबणार नव्हती. समोरच्या काकू म्हणाल्या, "माझ्याकडे तळू, त्यात काय?" आत्यानं तेही मोडून काढलं. दुखवट्याच्या घरानं घ्यायचं असतं, सणाचं द्यायचं नसतं. मी वाद घातला नाही. मला तो कधीच घालता आला नाही. परसात जाऊन पुस्तक उघडून बसले आणि एकच ओळ कितीतरी वेळ वाचत राहिले. आईला दिलेला शब्द पहिल्याच वर्षी मोडणार होता.

दोन दिवसांनी शाळेतून आले, तर आत्या माळ्याच्या शिडीवर. खाली वाळवणाचे डबे. चैत्रात आईनं गच्चीवर घातलेले ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, कुरडया.

"बघत काय उभी? धर," आत्या वरूनच ओरडली. "हाई तळण नही. उन्हानं वाळेल शे. आनि तिनाच हातनं शे."

आम्ही दोघींनी डबा भरला. प्रत्येक थरामध्ये आत्या कापड घालत होती. मी पत्राचा कागद आणला, तेव्हा मात्र तिनं हात आडवा केला. सणाच्या डब्यात मरणाची बातमी जायची नाही. वेगळं पत्र टाकीन म्हणून मी ठरवलं. तीनदा लिहायला बसले, तीनदा कागद फाडला. 'आई' या शब्दापुढे 'गेली' लिहिताच येईना.

पोस्टातले कारकून ओळखीचे झाले होते. "यंदा डबा हलका हो! चकल्या वाटेतच संपवल्या का?" त्यांनी विचारलं. मी पैसे मोजून पुढे केले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि शिक्का जरा हळू मारला.

फेब्रुवारीत उलट एक डबा आमच्या दारात आला. आफ्रिकेची तिकिटं. आत पत्र होतं, बाईंच्या मोठ्या, सुट्या अक्षरात.

"डबा उघडला. वरपासून खालपर्यंत वाळवण. तेव्हाच समजले की तुमच्या घरी यंदा कढई चढली नाही. कोण गेले ते तू लिहिले नाहीस. पण तुझी आई असती, तर तिने कोणाचे न ऐकता शेजारी तळून घेऊन चकल्या पाठवल्या असत्या. म्हणून मला वाटते, तीच गेली. बिबडे मी निखाऱ्यावर भाजले आणि आमच्या वॉर्डातल्या बाळंतिणींना वाटले. असा प्रसंग असलेल्या घरी बाहेरच्यांनी तळून न्यायचे, हे मी तुमच्याकडेच शिकले. मला येता येत नाही. हे शंकरपाळे मी स्वतः केले आहेत."

मी मोठ्यानं वाचत होते. 'तीच गेली'पाशी मी कागद खाली ठेवला. वडिलांनी पत्र घेऊन उरलेलं वाचलं. शंकरपाळे जाडजूड, काळपट. इतक्या दिवसांत तेलाला वास लागलेला. आत्यानं आजवर मिशनच्या दवाखान्यातलं पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. खाणाऱ्यांत आम्ही तिला धरलंच नव्हतं.

तिनं पदराला हात पुसला, डबा स्वतःकडे ओढला आणि सगळ्यात आधी एक शंकरपाळा तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली. डोळे भरून आले होते.

"मोहन कमी पडनं," ती म्हणाली. मग दोन माझ्या हातावर ठेवले, दोन वडिलांच्या. "पत्रमा लिख तिले. तेल कडकडीत तपाडीसन पिठमा टाकनं पडस, म्हना."

त्या संध्याकाळी मी लिहायला बसले. कागद फाडावा लागला नाही. आई कशी गेली, मनगट धरून काय म्हणाली, सगळं लिहिलं. तुमच्यामुळे आम्हाला सतरा वर्षं एकमेकींजवळ मिळाली, हेही लिहिलं. आई असताना ते कधी सुचलं नव्हतं. आणि शेवटी, आत्या शेजारी बसून सांगत होती तसं, मोहनाचं प्रमाण.