लेबलावरचं दुसरं भोक

हे मी कालपर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि आता सांगते आहे ते मन हलकं करायला वगैरे नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझं मन चांगलं दणकट आहे, त्याला काही धाड भरलेली नाही. डोळ्यांत पाणी आलेली म्हातारी मास्तरीण बघायची असेल तर दुसरीकडे बघा. ती इथे भेटणार नाही.

परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी एकोणतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. गेल्या वर्षी निवृत्त झाले. पोरं मला ‘किडेवाल्या मॅडम’ म्हणायची, पाठीमागे म्हणायची आणि मला ते आवडायचं. माझे किडे म्हणजे भुंगेरे. फुलांवर बसणारे रंगीबेरंगी नव्हेत, जमिनीवरून पळणारे. दगड उचलला की खालून काळं चकचकीत काहीतरी तुरुतुरु पळतं आणि तुम्ही चप्पल उचलता, तेच. डोंगरातून ते गोळा करायचे आणि कोणता कोण ते ठरवायचं, हे माझं काम. दोन भुंगेरे शेजारी ठेवले तर तुम्हाला जुळे भाऊ वाटतील. पाठीवरच्या रेघा मोजायच्या, त्या रेघांमधले खड्डे बघायचे, पायांवरचे काटे बघायचे. तेवढ्यानं भागलं नाही तर नराचं पोट उघडून आतला नखाएवढाही नसलेला एक अवयव भिंगाखाली धरायचा. खोटं तिथे चालत नाही. पाठ फसवते, तो अवयव फसवत नाही.

परभणीत कसले आलेत डोंगर, असं पुण्याकडचे लोक मला विचारायचे. राणीसावरगावला या, म्हणायची मी. बालाघाट तुमच्या सह्याद्रीएवढा उंच नसेल, पण भर उन्हात चढून दाखवा एकदा. त्या डोंगराबद्दल मला फार अभिमान होता. सगळी माती त्या अभिमानानंच केली, असं म्हणणार होते — पण नाही. केली ती मी.

किसनमामा आमच्या प्रयोगशाळेत परिचर होते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, राणीसावरगावचेच. कॉलेजात सगळ्या शिपायांना मामा म्हणतात, तसे तेही मामा. दहावीच्या पुढे शिकलेले नव्हते. अक्षर मात्र असं की तांदळाच्या दाण्यावर गावाचं नाव लिहितील. माझ्या संग्रहातली सगळी लेबलं त्यांच्या हातची. तुम्हाला हे लेबल काय ते माहीत नसेल. टाचणी भुंगेऱ्याच्या पाठीच्या उजव्या बाजूतून जाते, आणि त्याच टाचणीत खाली बोटाच्या पेराएवढा कागद ओवलेला असतो. गाव, उंची, तारीख, वेचणाऱ्याचं नाव. तो कागद गेला की किडा कामातून गेला. मग तो कितीही सुंदर असो, कुठला ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून आमच्यात एक दंडक आहे — टाचणीतून लेबल काढायचं नाही. फाटलं तरी नाही, चुकलं तरी नाही. चुकलं तर खाली दुसरं लावायचं.

वेचणाऱ्याच्या जागी माझं नाव असायचं. वेचायचे मामा. मी सुरुवातीला जायची, पळता भुंगेरा आत पडावा म्हणून कप जमिनीत पुरायची, तळाला चमचाभर सिरका, वर सावलीला चपटा दगड. पुढे पुढे मामाच सुट्टीत घरी जाताना डोंगर करून यायचे. त्यांना कप आवडत नसत. सिरक्यात मेलेला किडा काय बोलणार, म्हणायचे, आणि हातानं धरून आणायचे. ‘वेचणारी’ म्हणून माझं नाव लिहायला मीच सांगितलं होतं. त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही, निमूट लिहिलं.

माझ्या पीएचडीच्या प्रबंधाचा कळस एक भुंगेरा होता. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच सापडतो असा समज असलेली जात मला आमच्या बालाघाटात मिळाली, असा माझा दावा. नऊ नमुने होते, नऊही मामांनी आणलेले. प्रबंध टंकून, बांधून, सादर करून झाला. आणि एका दुपारी मामा ट्रे पुसता पुसता म्हणाले, “मॅडम, रागावू नका. पर आपल्या डोंगरातला आन घाटावरला, ह्ये दोन येक न्हाईत.”

मी हसले. कशावरून, म्हटलं.

“दगड उचलला की घाटावरला तसाच पळतो. आपला जरा थांबतो, मंग पळतो. आन वास. त्येचा आंबूस येतो, आपल्याचा घासलेटावानी. दोन दिस बोटाचा जात न्हाई, भाकर खाऊ वाटत न्हाई.”

घाटमाथ्यावरच्या सहलीला मामा बरोबर होते, तिथलेही भुंगेरे त्यांनी हातानं धरले होते. पण वास? थांबून पळणं? माझ्या पुस्तकांत असलं काही नव्हतं. पुस्तकं मेलेल्या किड्यांवर लिहितात. मी त्यांना झाडलं. चार पोरांसमोर झाडलं, तुम्ही ट्रे पुसा म्हटलं. आणि ते गेल्यावर — खरं सांगते, त्यांना खोटं पाडायलाच — नऊपैकी दोन नर घेतले आणि पोट उघडलं.

मामा बरोबर होते. तो अवयव घाटावरच्यापेक्षा सरळ सरळ वेगळा होता, टोकाला वाकडा. पहिल्या वर्षाच्या पोरानं ओळखला असता. वेळ नव्हता म्हणून मी तो आधी तपासला नव्हता. वेळ नव्हता हेही खोटंच. तपासायची इच्छा नव्हती.

तेव्हा मला काय करता आलं असतं? प्रबंध परत मागायचा, दुरुस्त करायचा. वर्ष गेलं असतं, फार तर दीड. आणि कदाचित हाती नवीच जात लागली असती, जगात कुणी नोंदवली नाही अशी, आमच्या राणीसावरगावच्या डोंगरातली! हे मला त्याच दुपारी कळलं होतं. तुम्ही म्हणाल, काही दडपण असेल बाईवर. नव्हतं. नोकरी कायम होती, तब्येत ठणठणीत होती, नवरा सकाळी डबा भरून हातात द्यायचा. दीड वर्ष थांबायचं आणि शिपायामुळे थांबले असं सांगायचं, एवढंच मला नको होतं.

मग परीक्षक सरांचं पत्र आलं. तोंडी परीक्षेला येतो आहे, बालाघाटातले नमुने समोर ठेवा. सर बाहेरचे, आयुष्य भुंगेऱ्यांत गेलेले. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग ठेवायचे.

सरांनी एखाद्या नराचं पोट उघडून बघितलं असतं तर दावा तिथेच पडला असता. मी ट्रे उघडला. मामांच्या उरलेल्या सात किड्यांखालची लेबलं काढली आणि घाटमाथ्यावरच्या सात किड्यांखाली लावली. नवीन लेबलं लिहिता येत नव्हती, कारण मामांचं अक्षर मला काढता येत नव्हतं. घाटावरच्या टाचण्या जरा जाड होत्या. जुन्या भोकातून जाईनात. घाईत शेजारी टोचल्या. मामांचे सात किडे बिनालेबलाचे एका पत्र्याच्या डब्यात घातले आणि डबा घरी नेला.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. सरांनी पहिला नमुना उचलला, भिंग लावलं, किडा बघितला, मान हलवली. मग टाचणी उलटी केली. लेबल बघितलं. दुसरा उचलला, तिसरा उचलला. आणि अगदी हळू आवाजात विचारलं — या प्रत्येक लेबलाला दोन भोकं का आहेत?

खोलीत प्राचार्य होते, विभागप्रमुख होते. दाराशी चहाचा ट्रे घेऊन मामा उभे होते. मला विचार करावा लागला नाही, हे लिहिताना मला आजही स्वतःचा राग येतो. जिभेवर तयारच होतं. मी म्हणाले, “लेबलं मामा सांभाळतात सर. अक्षर त्यांचंच आहे बघा. ट्रे पुसताना मिसळली असतील.”

सगळ्यांनी मामांकडे बघितलं. ते पुढे आले, ट्रे टेबलावर ठेवला, एक नमुना उचलून डोळ्यांजवळ धरला. त्यांना एका नजरेत कळलं. ते सात किडे त्यांच्या डोंगरातले नव्हतेच ना! मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाले, “व्हय साहेब. झाली आसंल चूक माझ्याच हातून.”

मी अनेक वर्षं याला निष्ठा म्हणत होते. मनात म्हणायची, मामांनी मॅडमची लाज राखली. कसली निष्ठा? मॅडमचा शब्द एका बाजूला आणि शिपायाचा एका बाजूला असला की कुणाचा खरा धरतात, हे त्या खोलीत सगळ्यांत चांगलं त्यांनाच माहीत होतं. त्यांनी भांडायचं तरी कुणाच्या जिवावर?

गंमत ऐका. सर म्हणाले, लेबलांचा भरवसा नाही तर हा दावा काढून टाका, बाकी प्रबंध चांगला आहे. म्हणजे ज्याच्यासाठी सगळं केलं ते गेलंच. पदवी राहिली. नाहीतर लबाडी म्हणून तीही गेली असती, आणि रास्तच गेली असती. प्राचार्यांनी मला लेखी द्यायला सांगितलं. मी दिलं — परिचराच्या निष्काळजीपणामुळे नमुन्यांची सरमिसळ झाली. खाली सही. त्याच आठवड्यात मामांना प्रयोगशाळेतून काढून सायकल स्टँडवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. मी रोज त्यांच्यासमोरून आत जायची. ते उठून नमस्कार करायचे. मी मान हलवायची, कधी कधी तीही नाही.

लोक म्हणतील, झालं गेलं गंगेला मिळालं. अहो, गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, आणि ती आमच्या गंगाखेडवरूनच जाते. ती काय वाहून नेते आणि काय काठाला आणून टाकते, ते आम्हाला सांगू नका.

मी नंतर दोनदा त्या डोंगरावर जाऊन कप पुरले. मामांशिवाय. एकही मिळाला नाही. ज्या उतारावरून त्यांनी नऊ आणले होते तिथे आता खडीचं क्रशर आहे. मला वाटलं, संपली ती जात. ओळख पटायच्या आधीच संपली, आणि जगात तिचे सात सांगाडे उरले ते माझ्या कपाटात, बिनालेबलाचे.

दोन आठवड्यांपूर्वी मी तो डबा घेऊन राणीसावरगावला गेले. का गेले, विचारू नका. पश्चात्ताप हा शब्द मला आवडत नाही, तो फार स्वस्त झाला आहे. मामा अंगणात बसले होते, केस पांढरे, पाठ ताठ. मामींनी चहा दिला. मी डबा पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, झाकण उघडलं, हात लावला नाही.

“नऊ व्हते,” ते म्हणाले.

दोन मी कापले, म्हटलं. तुमचं खरं होतं.

त्यांनी मान हलवली, जशी काही कालच दुपारी ही गोष्ट निघाली होती. मग विचारलं, “त्या सरांना सांगितलं का तुमी?”

नाही, म्हटलं.

त्यांनी झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. “मंग ह्ये ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच.” मी उठले. चप्पल घालत होते तेव्हा मागून म्हणाले, “किडा हाय आजून, मॅडम. क्रशरच्या पल्याड. कुटं हाय ते मला ठाव हाय. पर तुमाला न्हाई दावायचा.”

बस स्टँडपर्यंत मी चालत गेले. मला फार राग आला होता, आणि तो त्यांचा नव्हता.

सर अजून आहेत, ऐंशीच्या घरात, अजून भिंग खिशात ठेवतात म्हणे. काल त्यांना पार्सल पाठवलं. आत डबा आणि हे सगळं लिहिलेलं पत्र. एक प्रत कॉलेजला. पदवी काढून घ्यायची असेल तर घ्या, पेन्शन अडवायची असेल तर अडवा, मी वकील देणार नाही. तुम्हीही माझ्याबद्दल काय वाटायचं ते खुशाल वाटून घ्या. मला कुणाकडून काही नको. सरांना एवढंच लिहिलं की हा किडा जिवंत आहे, कुठे ते फक्त किसनमामांना माहीत आहे, विचारायला स्वतः जा, आणि माझं नाव सांगून जाऊ नका.

डबा बंद करण्याआधी सातही टाचण्यांत लेबलं ओवली. पहिल्यांदाच माझ्या हातची, अक्षर वेडंवाकडं. राणीसावरगावचा डोंगर. वेचणारे, किसनमामा. आणि त्याच्याखाली दुसरं — आधीचं लेबल काढलं, मी. तिथे माझं पूर्ण नाव लिहिलं आहे.