फाटलेली भाकरी

दुष्काळाच्या त्या वर्षी रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची. तिच्या पिठाला चिकटपणा कसला तो नव्हताच. थापतानाच भाकरी फाटायची. मिरजगावात मी नवी सून होते. फाटलेल्या भाकऱ्या मी टोपलीच्या तळाशी दडवायची. सासूबाईंना ते दिसायचंच. म्हणायच्या, "ऱ्हाऊ दी गं. फाटली तर फाटली. पोटात गेल्यावर कोन बघतंय?"

हा टोमणाच, अशी माझी खात्री होती. सुनेशी एवढं गोड कोण बोलतं?

एक दिवस त्यांचीही भाकरी फाटली. त्यांनी ती टोपलीत सगळ्यांत वर ठेवली. मला वाटलं, मुद्दामच फाडली असणार.

आज माझी भाकरी फाटली, की मी स्वतःलाच म्हणते, "ऱ्हाऊ दी गं." आणि लगेच संशयाने मागे वळून बघते.