शनिवारच्या बाजारातला काळा साबण

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या शनिवारच्या बाजारात घानाच्या एक बाई काळा साबण विकतात. केळ्याच्या सालींची राख आणि तेल घालून त्यांच्या बहिणीने गावी केलेला, गुळाच्या ढेपेसारखा ओबडधोबड. सुरीने तुकडा कापला की आधी स्वतः वास घेतात, मगच कागदात गुंडाळतात. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, "आधी तळहातावर फेस कर, माय डिअर, तुकडा थेट तोंडावर घासू नकोस," हे दर वेळी सांगतात. मागे रांग वाढली तरी त्यांना घाई नसते.

त्या साबणाने माझ्या मुलीचे पिंपल्स कमी झाले. त्या आनंदात मी एकदा विचारलं, "याने रंगही उजळतो का?" मुलगी शेजारीच उभी होती. माझ्यासारखीच सावळी आहे ती.

बाईंनी सुरी खाली ठेवली. बाही वर सारून आपला काळाभोर हात माझ्यापुढे धरला. "लहानपणापासून हाच लावतेय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता मुलीला म्हणाल्या, "हा फक्त मळ काढतो, माय डिअर."

तेव्हापासून साबण आणायला मुलगी एकटीच जाते. मी पार्किंगमध्ये गाडीत बसते आणि फोन बघितल्यासारखं करते. गेल्या शनिवारी ती दोन पुड्या घेऊन आली.

"धिस वन इज फॉर यू, आई. शी आस्क्ड इफ यू आर ओके."

मी उतरले नाही. बाजारावरून जायला नको म्हणून गाडी मागच्या रस्त्याने काढली.